गिरण चालू, पंखा हळू

हे लिहून ठेवायचंच नाही, असं हिरामणचं जवळजवळ ठरलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या तळहाताएवढ्या पंख्यांची गोष्ट कोण ऐकणार? आणि ऐकलीच कुणी, तर त्यात त्याची अक्कल किती आणि मोतीकाकीची किती हे खरं खरं सांगावं लागणार. तिथंच तो अडला होता. पण मोतीकाकीच म्हणाली, “लिव की रं. माझं नाव घाल म्हंजे झालं.” मग सुटकाच नव्हती.

तर बुधवार. दुपारी साडेबाराला स्क्रीन काळी झाली.

“गेला?” संतोषनं विचारलं.

“गेला.”

“किती टक्के झालं होतं?”

“सात.”

“सकाळी तर अकरा झालं होतं!”

“मंग मागं चाललोय आपण. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत लग्न मोडंल.”

संतोष हसला नाही. एरवी तो हसला असता. पण हे लग्न त्याच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

कडावला नागूशेठची भातगिरण आहे. तिच्या अंगाला पत्र्याची भिंत टाकून काढलेल्या खोलीत या दोघांचा स्टुडिओ. संतोष शूटिंग करतो, हिरामण ते जोडतो, गाणी घालतो, नावं टाकतो. हिरामणनं कुठला क्लास केलेला नाही. जे आलं ते मोबाइलवर बघून आणि चुकून चुकून. कॉम्प्युटर खोपोलीच्या भंगारवाल्याकडून आणलेला, कुठल्याशा ऑफिसातनं रिटायर झालेला. हिरामण त्याला ‘पेन्शनर’ म्हणायचा. छोटीमोठी कामं तो कण्हत कुंथत करायचा. पण अडीच तासांचं अख्खं लग्न एका फाइलमध्ये काढायचं म्हटलं की पाचसहा तास सलग राबावं लागे, आणि मे महिन्यात त्याचा जीव तेवढा टिकत नव्हता. आतला प्रोसेसर तापत तापत अठ्ठ्याण्णव डिग्रीवर गेला की डबा आपोआप बंद. केलेलं सगळं पाण्यात.

घाई कशाची होती तर विठूआबांची. विठूआबा म्हणजे संतोषचे वडील, पोशीरचे. संजनाच्या लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मुहूर्त पुढं ढकलायचं निघालं तेव्हा आबा पलंगावरून म्हणाले, “पत्रिका वाटल्यात. पावणे निघालेत. लग्न हलवाल तर या सुया काढून मी पोशीरपत्तुर चालत येईन.” तेव्हा रविवारी खालापूरच्या हॉलमध्ये लग्न लागलं. कन्यादान चुलत्यानं केलं. मंगळवारी आबा घरी आले, पण येत्या सोमवारी परत जायचं होतं. ऑपरेशन. छाती उघडणार होते.

घरी आल्या आल्या संतोषनं मोबाइल पुढं केला होता. “आबा, ह्या बघा अक्षता. ह्यो नवरदेव.”

आबांनी मोबाइल हातानं बाजूला सारला. “तुकड्यातुकड्यांनी लग्न बघायचं नाय मला. लागलं तसं, पयल्यापासून बघीन.”

शुक्रवारी पाचपरतावणं. संजना जावयाबरोबर पहिल्यांदा माहेरी येणार, भावकी जेवायला असणार, अंगणात पडदा लागणार. तोपर्यंत लग्न तयार पाहिजे. कर्जतच्या स्टुडिओवाल्यांना विचारून झालं; लग्नसराईत कुणाचं मशीन रिकामं? पेन्शनरला उचलून पोशीरला न्यावं, तर मागं एकदा मोटारसायकलवरून नेला तेव्हा पंधरा दिवस उठला नव्हता. रात्री काम करावं, तर तेही नाही. संध्याकाळी सहाला गिरण बंद झाली की नागूशेठ मेन स्विच खाली ओढून किल्ली खिशात घालतो. त्याच्या बापाच्या वेळी रात्री वायर जळून अर्धी गिरण गेली होती. तेव्हापासूनचा नेम. गिरण बंद तर मेन बंद. देव आला तरी मेन बंद.

म्हणजे जे काय करायचं ते दिवसा, आणि गिरणीशेजारी.

“पंखा वाढव,” संतोष म्हणाला. “गरम होतंय तर पंखा वाढव. सोपं हाय.”

हिरामणलाही तेच वाटलं. डब्यात तीन पंखे होते. समोरचा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा आणि एक प्रोसेसरच्या डोक्यावर. तिन्ही कायम फुल्ल स्पीडवर, कारण भंगारवाल्यानं त्यांच्या वायरी सरळ पॉवरला जोडलेल्या. हिरामणनं भंगारातलाच चौथा लावला. नाही भागलं. मग डब्याची बाजूच उघडली आणि घरचा टेबलफॅन आणून समोर ठेवला. खोलीत वादळ सुटलं. संतोषच्या पावतीबुकाची पानं उडाली. पेन्शनर एकवीस मिनिटं चालला आणि मेला.

हिरामणनं आत बॅटरी मारून बघितलं. प्रोसेसरवरच्या जाळीत तांदळाचा कोंडा बसला होता. नुसता बसला नव्हता, थापला होता. बोटानं काढला तर वडी निघाली.

दारात नागूशेठ उभा. “काय रं, आमचा कोंडा चोरताय व्हय?”

“शेठ, तुमचाच कोंडा आमचं दुकान खातोय.”

“मंग म्हस पाळा. कोंडा खाल्ल्याचं दूध तरी देईल.”

पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात सगळा परिसर भात भरडून घेतो. गिरण दहा ते सहा धडधडत असते, मध्ये दीड तास जेवणाची सुट्टी. पत्र्याला फटी. जितका साफ करावा तितका कोंडा परत.

गुरुवारी सकाळी हिरामणनं वेगळी वाट धरली. पंख्यांना कॉम्प्युटरच्याच ताब्यात द्यायचं. फुकटचं एक सॉफ्टवेअर असतं, ते प्रोसेसरची डिग्री वाचतं आणि पंखा किती फिरवायचा ते ठरवतं. आपण फक्त रेघ काढायची, इतक्या डिग्रीला इतका पंखा. त्यानं मोबाइलच्या नेटवर ते उतरवलं. पण पंखे पॉवरवरून काढून बोर्डाला जोडायला हवेत, आणि बोर्डावर जागा दोनच. मग चौथा पंखा काढून टाकला, मेलेल्या एका पंख्याची पिन कापली आणि समोरच्या नि मागच्या पंख्याच्या वायरी एकाच पिनेला झाळल्या. बोट भाजलं. स्क्रीनवर आधी एका पंख्याचे फेरे शून्य दिसले, मग शंभर, मग बाराशे.

“ऐकतोय!” हिरामण ओरडला. “संत्या, पंखा ऐकतोय माझं! बघ, कमी करतो. बघ, वाढवतो.”

“माझी बायको ऐकंल तेव्हा सांग,” संतोष म्हणाला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं.

हिरामणनं रेघ काढली. पन्नासला पंखा हळू, सत्तरला जोरात, ऐंशीला फुल्ल. काम लावलं. अर्धा तास छान गेला. मग डिग्री वर, पंखा वर. पंखा वर, डिग्री आणखी वर. डिग्री वर, पंखा बोंबलतोय. एक्केचाळीसाव्या मिनिटाला काळी स्क्रीन.

त्यानं सगळं पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं. रेघ बरोबर, पिन बरोबर. आणि शुक्रवार उद्यावर आला होता.

जेवणाच्या सुट्टीत मोतीकाकी आली. मोतीबाई वीस वर्षं नागूशेठच्या गिरणीवर आहे. वरच्या डब्यात भात ओतायचं, खाली तांदूळ नि कोंडा वेगळा भरायचा. भुवयांपर्यंत पांढरी झालेली. तोंडाला बांधलेलं फडकं तिनं गळ्यात ओढलं आणि हिरामणच्या माठातलं पाणी घेतलं.

“पोरा, तोंड का पाडलंस?”

“काकी, हा डबा मरतोय. जेवढा पंखा जास्त, तेवढा लवकर मरतोय.”

ती वाकून डब्यात बघायला लागली. जाळीतला कोंडा बघून तिला हसू फुटलं. “अरं येड्या, गिरण चालू असताना कोण मोठा श्वास घेतं? मी बग. फडकं बांधायचं, नाकानं हळूहळू घ्यायचा, जड पोतं उचलायचं नाय. गिरण थांबली का भाईर जायचं अन् छाती भरून घ्यायचा. नायतर वीस वर्षं काढली असती का मी? त्या आधीच्या बाईला खोकला लागला तो शेवटपत्तुर गेला नाय. धावपळ करायची लय.”

तिनं पाणी पिऊन तांब्या पालथा घातला आणि ती गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

हिरामण त्या तांब्याकडं बघत राहिला. मग एकदम उठला आणि संतोषच्या पाठीत धपाटा घातला.

“मारतोस काय?”

“आपण त्याला धावायला लावतोय रं! दम लागला म्हणून मोठा श्वास, मोठा श्वास म्हणून जास्त कोंडा, जास्त कोंडा म्हणून अजून दम. काकी काय म्हणाली? जड उचलायचं नाय!”

दुपारभर त्यानं दोन बटणं तयार केली. एका बटणाचं नाव ठेवलं ‘गिरण चालू’. ते दाबलं की प्रोसेसर निम्म्या ताकदीनं काम करणार आणि पंखे तीस टक्क्यांवर, काही झालं तरी वर जायचं नाही. दुसरं ‘गिरण बंद’. ते दाबलं की पूर्ण ताकद, फुल्ल पंखे, छाती भरून. समोरच्या पंख्यावर एक फडकं. संध्याकाळी तो मोतीकाकीकडंच फडकं मागायला गेला, कारण त्याच्या घरचं जाड होतं, हवाच जाईना. तिनं जुन्या वॉईलच्या साडीचा चौकोन फाडून दिला.

“तुज्या डब्याला नथ पण देऊ का?”

“नको काकी. पण एक करा. उद्या गिरण चालू करायच्या आधी पत्र्यावर दोनदा वाजवा. थांबली का एकदा.”

“येवढंच? वाजवीन की.”

शुक्रवारी सकाळी नवाला संतोषचा फोन आला. “आबा कसलं काय मागतायत कळत नाय. इचारतायत, घरात अक्षता शिल्लक हायत का म्हणून. मला वाटतं गोळ्यांनी डोकं फिरलंय. तुझं सुरू झालं का?”

“दहा वाजू दे. शेठ मेन वर करू दे.”

सव्वादहाला काम लागलं. पत्रा वाजला, धाड, धाड. हिरामणनं ‘गिरण चालू’ दाबलं. पंखे पुटपुटायला लागले. गिरणीच्या धडधडीत त्यांचा आवाजही येईना. फडकं समोरच्या पंख्यावर अलगद आत जायचं, अलगद सुटायचं. डिग्री चढली. साठ. सहासष्ट. एकाहत्तर. हिरामण नखं खात बसला. एकाहत्तर. दहा मिनिटांनी एकाहत्तर. अर्ध्या तासानं एकाहत्तर.

एक्केचाळीसावं मिनिट आलं आणि गेलं.

एकला पत्रा एकदा वाजला. सत्तावीस टक्के. त्यानं फडकं सोडून दारात झटकलं, जाळीवरनं रंगाचा ब्रश फिरवला, ‘गिरण बंद’ दाबलं. पंखे सुटले. पेन्शनर दीड तास असा काही पळाला की अडीचला सत्तावन्न. मग पुन्हा धाड, धाड. पुन्हा हळू. सव्वाचारला एका गिऱ्हाइकाचं पोतं फाटून भात सांडला तेव्हा आपसूक दहा मिनिटं मिळाली. मोतीकाकीनं न सांगता पत्रा एकदा वाजवला.

जेवला नाही तो. लघवीलाही धावत गेला नि धावत आला.

सहाला ब्याण्णव टक्के. अजून पन्नास मिनिटं. आणि पलीकडं नागूशेठच्या चपलांचा आवाज आला, मेनच्या दिशेनं.

हिरामण आडवा गेला. “शेठ, तासभर. हात जोडतो.”

“गिरण बंद झाली. शेवटचं गिऱ्हाईक गेलं.”

“विठूआबांना पोरीचं लग्न दाखवायचंय. सोमवारी ऑपरेशन हाय त्यांचं.”

नागूशेठ थांबला. विठूआबांना तो ओळखत होता. त्यांचं भात कैक वर्षं याच गिरणीत आलेलं. त्यानं तोंड पुसलं. “हिरामण, तू माझ्या पोरासारखा. पण ह्यो नेम माझ्या बापाचा. गिरण बंद तर मेन बंद. त्यात मला इचारू नको.”

“शेठ,” आतून मोतीकाकी म्हणाली, “गिरण कुटं बंद झाली? माजं भात ऱ्हायलंय.”

ती कोपऱ्यातलं पोतं ओढत होती.

“तू उद्या आणणार होतीस ना ते?”

“आजच आणलंय. घरात तांदूळ नाय. सकाळी पोरं उपाशी बसतील.” तिची पोरं बदलापूरला नोकरीला होती हे तिघांनाही माहीत होतं.

नागूशेठनं तिच्याकडं बघितलं. मग हिरामणकडं. मग हातातल्या किल्लीकडं. आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसला. “भरड मंग. लवकर आटप.”

“आटपते की.”

आणि तिनं एरवी घमेल्यानं ओतायचं ते भात मुठीमुठीनं ओतायला घेतलं. एक मूठ. थांबायचं. एक मूठ. गिरण आपली धडधडतेय, कोंडा उडतोय, पत्र्याच्या अलीकडं पंखे हळू फिरतायत. ज्या गिरणीला हिरामण तीन दिवस शिव्या घालत होता, ती बंद पडू नये म्हणून आता तो जीव मुठीत धरून बसला होता. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. बाहत्तर डिग्री.

साडेसहाला काकीचा आवाज आला, “शेठ, पोतं संपत आलं.” तो शेठला नव्हता, हिरामणला होता.

शहाण्णव.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हिरामणनं डोळे मिटले. मेनचा खटका ऐकायची तयारी केली.

“मोतीबाय,” नागूशेठ म्हणत होता, “त्या शिडीखाली माझं घरचं पोतं हाय. ते पण घेऊन टाक. आता आलीच हायस तर.”

सहा बावन्नला स्क्रीनवर हिरवी खूण आली. हिरामण एवढ्या जोरात ओरडला की गिरणीच्या आवाजावरून ते ऐकू गेलं. मोतीकाकीनं पत्रा वाजवला. एकदा, दोनदा, मग दणादणा, ढोल बडवावा तसा.

पेनड्राइव्ह खिशात घालून पोशीरला तो पोचला तेव्हा अंगणात पंगत उठत होती. पडदा लागलेला. मंडळाचा प्रोजेक्टर स्टुलावर. संजना नव्या साडीत पडद्यापुढं सतरंजीवर, बाजूला जावई, भोवती पोरंबाळं. आणि मागं खुर्चीवर विठूआबा. पांढरंशुभ्र धोतर, कोट, डोक्याला गुलाबी फेटा. लग्नासाठी घेतलेले कपडे. घडी पहिल्यांदा मोडलेली. कोट आठ दिवसांत अंगावर सैल झाला होता.

“ये रं,” आबा म्हणाले. “तुझ्यामुळं मुहूर्त थांबलाय.”

लग्न सुरू झालं. हळद आली तशी बाया हसल्या, एकमेकींना दाखवायला लागल्या. वरातीत संतोषचा मामा नाचताना पडला तिथं सगळ्यांनी “पुन्हा, पुन्हा” केलं. आबा म्हणाले, “पुन्हा नाय. पुढं.” ते पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

मग अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. हॉलमध्ये लोक उभे राहिले, आणि इकडं अंगणात विठूआबाही खुर्चीचा हात धरून उभे राहिले. कोटाच्या खिशातून त्यांनी पुडी काढली. संतोष आधार द्यायला धावला तर त्याला नजरेनंच थांबवलं. पडद्यावर ‘सावधान’ झालं आणि आबांनी मूठभर अक्षता उधळल्या.

एक पोरगं फिदीफिदी हसलं. त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला.

अक्षता पडद्यापर्यंत पोचल्या नाहीत. आबांच्या हातात तेवढा जोर नव्हता. त्या पुढं बसलेल्या संजनाच्या केसांवर पडल्या. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिनं फक्त मान खाली वाकवली आणि शेजारी जावयाच्या डोक्याला हात लावून त्याचीही वाकवली. पुन्हा ‘सावधान’. पुन्हा अक्षता. पाचही मंगलाष्टकं आबा उभे होते.

मग ते बसले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, “लागलं.”

हिरामण प्रोजेक्टरजवळ उभा होता. त्या डब्यातही एक छोटा पंखा घूं घूं करत होता. त्यानं सवयीनं हात लावून बघितला. फार तापला नव्हता. शेजारी संतोष मोबाइल छातीशी धरून उभा, डोळे कुठं पुसावेत हे न सुचलेला.

“शूट केलंस?” हिरामणनं हळूच विचारलं.

“काय?”

“आबा. अक्षता टाकताना.”

संतोषनं मान हलवली. “हात हलला माझा. जरा हललेलं आलंय.”

“हललं तर हललं. दे.” हिरामणनं मोबाइल घेतला. इवल्या स्क्रीनवर गुलाबी फेटा, वर गेलेला हात. “हॉलमधल्या ‘सावधान’च्या बरोब्बर पुढं हे बसवतो. सगळ्यांच्या अक्षता, मंग आबांच्या. उद्या धाला काकी पत्रा वाजवंल, तेव्हा लावतो कामाला.”

“परत अख्खं काढावं लागंल रं. आणि सोमवारी सकाळी सातला निघायचंय.”

“माहीत हाय.”

“नाय झालं तर?”

पडद्यावर चुलता कन्यादानाला बसत होता. आबा पुढं झुकून बघत होते.

“संत्या,” हिरामण म्हणाला, “सोमवारी आबा घरातनं पाऊल उचलायच्या आत त्यांना त्या लग्नात हजर करतो. शब्द.”